बाटलीचं सोवळं

चिखली,
आश्विन शुद्ध द्वादशी

तीर्थरूप वच्छलाआत्याच्या पायांवर, तुझ्या मते बिघडलेला आणि स्वतःच्या मते सुधारलेला भाचा महादेव याचं डोकं. तुझे गुडघे कसे आहेत? बीबीहून कापसाच्या गाडीबरोबर आलेला माणूस सांगत होता, की तू अजूनही ओलेत्याने विहिरीवरून पाणी आणतेस आणि वाटेत कुणी शिवलं की भरली घागर ओतून देऊन पुन्हा विहिरीवर जातेस. त्या फेऱ्यांनीच गुडघे झिजले आहेत, हे मी गेल्या दिवाळीत तुझ्याच ओसरीवर उभं राहून सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं होतं, आणि त्या भाषणानंतर तू मला परसात गाईच्या शेजारी जेवायला वाढलंस. गाय बरी आहे ना? तिने ते भाषण सर्वांत शांतपणे ऐकलं होतं.

हे पत्र तुला नेहमीप्रमाणे इंद्रभान गुरुजी वाचून दाखवतील. (गुरुजी, नमस्कार. कंसातला मजकूर तुमच्यापुरता असतो, तो मोठ्याने वाचायचा नसतो. मागच्या पत्रात आत्याच्या हट्टाविषयी जे कंसात होतं ते तुम्ही आवाज चढवून दोनदा वाचलंत असं कळलं.) पत्र लांब आहे, तेव्हा आत्या, चुलीवर काही असेल तर उतरवून ठेव. इथे असं काही घडलं आहे, की तीन दिवस माझा आवाज बसला आहे, आणि माझा आवाज कसा आहे हे तुला माहीत आहे. आठवडी बाजारात मी वडाखाली बोलायला उभा राहिलो की मिरच्या विकणाऱ्या बायका भाव ओरडायचं थांबवतात. तो आवाज बसला! पण मी बसलेलो नाही. आज ना उद्या इथे कुणाचा तरी डोळा जाणार आहे, आणि तो जाऊ नये म्हणून मी उभा आहे.

आधी माझं काम नीट समजून घे, कारण तू बीबीभर सांगतेस की महादेव शाळेत काचेची भांडी घासतो. घासतो, हे खरं आहे. पण आमचे हेडमास्तर वामनराव मुलांना विज्ञानाचे प्रयोग दाखवतात, त्यांची सगळी मांडामांड माझी. कुठली बाटली कुठे ठेवायची, दिव्यात स्पिरिट किती घालायचं, कुठल्या फळीला पोराचा हात पोचू द्यायचा नाही, हे सगळं मी पाहतो. आमच्या खोलीत अशा बाटल्या आहेत की एक थेंब डोळ्यात गेला तर माणूस जन्माचा आंधळा होईल. आणि त्या खोलीत पोरं येतात ती खिशात भुईमुगाच्या शेंगा घेऊन! मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत नियम लिहिले: इथे काही खाऊ नका, काही चाखू नका, हात धुतल्याशिवाय बाहेर जाऊ नका, धोतराचा सोगा खोचून घ्या, शेंडीला गाठ मारा, दिव्यावर वाकू नका. हे नियम कुणी पाळले? कुणीही नाही! स्वतः वामनरावांनी एकदा मीठ आहे की नवसागर आहे हे जिभेने ठरवलं, आणि वर मलाच म्हणाले, "महादेवराव, अनुभव हाच गुरू." (गुरुजी, हा गुरू त्यांना दुपारभर थुंकायला लावत होता.) एका पोराची शेंडी दिव्यावर पेटली तेव्हा वर्गाला वाटलं की तोही प्रयोगाचाच भाग आहे, आणि दोघांनी तो वहीत उतरवून घेतला. मी ओरडलो, समजावलं, जगात कुठे कुठे प्रयोगशाळा जळाल्या ते वाचून दाखवलं. आमचा शिपाई फकीर मोहम्मद तेवढा ऐकत असे, आणि तोही एका कानाने, कारण दुसऱ्या कानाने त्याला ऐकू येत नाही.

आता खंडेनवमीकडे येतो. त्या दिवशी शेतकरी औत पुजतो, सुतार वाकस-करवत पुजतो, तर आपण प्रयोगाची हत्यारं का पुजू नयेत, असं पोरांनी काढलं. मी विरोध केला. चांगला कडकडून केला! ज्याची पूजा करतात त्याला प्रश्न विचारत नाहीत, आणि ज्याला प्रश्न विचारायचा नाही त्याचा प्रयोगशाळेत उपयोग काय, असं मी म्हणालो. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि झेंडूच्या माळा करायला बसली. वामनराव म्हणाले, पूजेच्या निमित्ताने पालक येतील, शाळेचं नाव होईल. तेव्हा मी एका अटीवर कबूल झालो, की आधी सगळी भांडी स्वच्छ झाली पाहिजेत. (यात मी काय गमावलं? वर्षातून एकदा तरी पोरांनी भांडी घासली.) सगळं लखलखीत झालं. राहिली एकच बाटली. आदल्या दिवशी वामनरावांनी कॉस्टिक सोडा काढला, ओतताना बाटलीच्या मानेवरून ओघळू दिला, पुसला नाही, आणि बाटली तशीच फळीवर ठेवून दिली. मानेवर पांढरी खपली धरली होती. चुना लागला असेल म्हणून पोरांनी ती राहू दिली.

कॉस्टिक म्हणजे काय ते तुला सांगतो. तुमच्या लोणारच्या तळ्याच्या खारातून तू पापडखार घेतेस ना? त्याच्याच जातीचा हा, पण कितीतरी पट दांडगा. पापडखाराने पापड फुलतो, याने बोटाची कातडी साबणासारखी बुळबुळीत होऊन निघते.

पूजेला गावातल्या बायका आल्या. त्यात गोजरबाई होत्या. इथल्या मोठ्या शेतकरी घरातल्या, नातू आमच्याच शाळेत, घरात आणि गल्लीत त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. हळद लावायचा मान त्यांना दिला. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून तराजूच्या पूजेपेक्षा तराजू समतोल ठेवणं का श्रेष्ठ, यावर बोलत होतो. विषय ऐन रंगात आला होता. तेवढ्यात मागून किंचाळी आली. "अवं माय! हयदीचं कुकू झालं वं!"

आत्या, झालं होतं! कॉस्टिकच्या बाटलीच्या मानेवर गोजरबाईंनी हळदीची बोटं ओढली आणि ती डोळ्यांदेखत लालभडक झाली. खारात हळद लाल होते हे तुला सांगायला नको, पापडाच्या पिठात हळदीचा हात पडला की काय होतं ते तू पाहिलंच आहेस. पण तिथे कोण विचार करतो! बायका हात जोडून खाली बसल्या. एकीने ओटी काढली. पोरांनी घंटा म्हणून शाळेची घंटा आणली. फकीर मोहम्मदने मला हळूच विचारलं, "मास्तर, ये क्या हुआ?" आणि मी म्हणालो, "थांब, आता बोलतो."

आणि मी बोललो! आजवर इतका चांगला मी कधी बोललो नव्हतो. आम्ल म्हणजे काय, खार म्हणजे काय, हळदीचा रंग का पालटतो, माणूस वीज दिव्यात कोंडतो आणि आपण बाटलीला नारळ फोडतो, हा देश केव्हा जागा होणार! माझ्या अंगावर काटा आला. समोरच्यांच्याही आला. मी थांबलो तेव्हा सगळ्या बायकांचे डोळे भरले होते आणि मागून कुणीतरी "बोला, अंबामातेचा उदो!" केलं. गोजरबाई म्हणाल्या, "मास्तरच्या तोंडून देवी बोलली." फकीर मोहम्मदने मला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "मास्तर, तुमी बोलू नका. तुमी बोलता तं गर्दी वाढते."

शब्दांनी होत नाही तर प्रयोगाने होईल, असं मी मनाशी म्हटलं. दसऱ्याला सकाळी सगळ्यांना बोलावलं. ताटलीत हळद घेतली, दुकानातून आणलेला पापडखार सगळ्यांना दाखवून पाण्यात कालवला, त्यावर ओतला. लाल! मी विजयाने वर पाहिलं. गोजरबाई पदराआड हसत होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, हे तं आमाले ठाव हाय. कुकू आमी घरी असंच करतो. पन घरी आमी करतो, मून होते. अठी कोनं केलं?" मी म्हणालो, वामनरावांनी, न पुसता. सगळ्यांनी वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांनी, आत्या, खांद्यावरचं उपरणं सावरलं आणि नम्रपणे मान खाली घातली! त्या दिवसापासून त्यांच्याही पाया पडतात.

इथपर्यंत मी हसलो असतो. चार दिवसांत उत्साह ओसरेल म्हणालो असतो. पण काल एकादशीला जे झालं त्याने माझं हसू गेलं. गोजरबाईंच्या धाकट्या नातवाचे डोळे आले आहेत. त्याला कडेवर घेऊन त्या बाटलीच्या दर्शनाच्या रांगेत उभ्या होत्या, मी दुसऱ्या कुणाशी तरी वाद घालत होतो. पाहतो तो त्यांनी बूच काढून बोट आत बुडवलेलं, आणि ते बोट पोराच्या डोळ्याकडे निघालेलं. मी टेबलावरून उडी मारली. (गुरुजी, उडी मारली हे मोठ्याने वाचा.) त्यांचा हात धरला, पोराला फकीर मोहम्मदकडे फेकावं तसं दिलं, आणि पाण्याचा आख्खा माठ गोजरबाईंच्या हातावर रिकामा केला. दुसरा माठ आणवला, तोही. पोराच्या डोळ्याला काही लागलं नव्हतं, तरी त्याचंही तोंड धुतलं. गोजरबाईंचं बोट बुळबुळीत झालं होतं, त्यांना स्वतःलाच जाणवलं. त्या घाबरल्या. मला वाटलं, आता कळलं!

काय कळलं ते ऐक. आज सकाळपासून जो येतो तो आधी दोन्ही हात पुढे करतो आणि म्हणतो, मास्तर, पाणी टाका! देवीकडे जायचं तर महादेव मास्तरच्या हातून हात धुवून घ्यावे लागतात, असं गावभर झालं आहे. फकीर मोहम्मद दारात उभा राहून "जोडे बाहर निकालो, खाना बाहर रखो, हात धोव" असं म्हणतो, आणि लोक करतात! आत्या, माझ्याच शाळेतली पोरं, जी प्रयोगशाळेत शेंगा फोडत होती, ती आता दाराबाहेर खिसे झटकून मग आत येतात. शेंडीला गाठ असते. सोगा खोचलेला असतो. दिव्यावर कुणी वाकत नाही, दिव्याला लांबूनच नमस्कार करतात. इतकी वर्षं मी तर्काने जे मागत होतो ते सगळं मला मिळालं आहे, फक्त तर्क सोडून. मी भिंतीवरचे नियम वाचत उभा राहिलो आणि मला इतका राग आला की रडू आलं.

तू म्हणशील, ती बाटली फेकून दे. फेकू कुठे? मी ती जिथे फेकीन तिथे दुसऱ्या दिवशी ओटा होईल, शेंदूर लागेल, आणि तिथे माझ्यासारखा माठ घेऊन कुणी उभा नसेल. कपाटात कोंडली तर कपाटाला माळा घातल्या, आणि रात्रीतून कुणी कुलूप फोडेल या भीतीने मीच ती पुन्हा बाहेर काढली, म्हणजे निदान डोळ्यांसमोर राहील. तहसीलदारांकडे जा, असं वामनराव म्हणतात, पण हसत हसत म्हणतात. पाया पडून घेणाऱ्या माणसाला घाई नसते. गोजरबाई मात्र आज पुन्हा विचारत होत्या, "मास्तर, थोडं पान्यात मिसयून डोयाले लावलं तं?" म्हणजे त्यांच्या मनातून ते गेलेलं नाही. पोराचे डोळे चिकटले आहेत, वैद्याच्या औषधाने उतार नाही, आजीचा जीव तुटतो आहे. तिच्या जीव तुटण्यापुढे माझं रसायन काय करणार? मी सरकारी दवाखान्यातून बोरिकचं पाणी आणून दिलं आहे. "हे बी देवीचंच का?" त्यांनी विचारलं. आत्या, मी "हो" म्हणालो. मी! वडाखाली बोलणारा मी!

पण हरलो असं समजू नकोस. माणसाच्या डोळ्यांसाठी एकदा खोटं बोललो, याची लाज मला वाटत नाही. डोळा शाबूत राहिला तर तो उद्या वाचील, आणि वाचणारा डोळा हळूहळू प्रश्न विचारील. ही लढाई मी जिंकणार. इथली हवा छान आहे, ज्वारी डोलते आहे, माझी प्रकृती आवाज सोडून उत्तम आहे. तुझ्या सोवळ्याविषयी मी आजवर जे बोललो ते सगळं खरं होतं आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. आतोबांना साष्टांग नमस्कार, गाईला प्रेम.

तुझा आज्ञाधारक (हसू नका, गुरुजी) भाचा,
महादेव

ता. क. गुरुजी, यापुढचं वाचण्याआधी ओसरीचं दार लावून घ्या. आत्या, तू इकडे ये. उद्याच्याच मोटारीने ये. साऱ्या वऱ्हाडात तुझ्याइतकं कडक सोवळं कुणी चालवत नाही, हे मी टीका म्हणून सांगत आलो, आज गरज म्हणून सांगतो. प्रयोगशाळेच्या दारात पाट टाकून बस. मी सांगितलं तर लोक टाळ्या वाजवतात, फकीर मोहम्मदने सांगितलं तर पुढच्या दाराने बाहेर जाऊन मागच्या खिडकीतून हात घालतात. तू नुसतं "शिवू नको!" म्हणालीस की बीबीत बैल थांबतात, ते मी पाहिलं आहे. बाटलीला कुणी शिवायचं नाही, बोट लावायचं नाही, डोळ्याला काही लावायचं नाही, एवढंच तुला म्हणायचं आहे. देवी आहे की नाही हे कुणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखव, मी दुसरीकडे पाहीन.

ता. क. दुसरं. एक अट. इथे सोवळं माणसाचं चालणार नाही, बाटलीचं चालेल. देशमुखाचा पोरगा आणि वेशीबाहेरचा पोरगा दोघेही त्या बाटलीला सारखेच अस्पृश्य. हेडमास्तरही अस्पृश्य. तूसुद्धा! आणि हात धुतलेला कुणीही तुझ्या शेजारून आत जाईल, तेव्हा तू उठून विहिरीवर जायचं नाहीस. मला माहीत आहे हे तुला जड जाईल. फकीर मोहम्मद तुझ्यासाठी विहिरीतलं पाणी कुणाकडून भरवून ठेवायचं ते विचारतो आहे. त्याला मी सांगितलं, तूच भर. काय ते तू आल्यावर तुम्ही दोघं भांडून ठरवा.

ता. क. तिसरं. पत्र बंद करून मोटारवाल्याकडे निघालो होतो तेवढ्यात फकीर मोहम्मद पळत आला. गंधकाच्या तेजाबाची, म्हणजे जहाल आम्लाची, बाटली त्या बाटलीच्या शेजारीच असते. नवमीला तिलाही हळद लावली होती, ती पिवळीच राहिली. आता गावाचं मत असं पडलं आहे, की ही धाकटी बहीण रुसली आहे, आणि कोजागरीला सकाळी तिच्यावर घागरीने अभिषेक करायचा आहे. आत्या, तेजाबात पाणी! घागरीने! पाणी पडताक्षणी उकळून उडेल आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्यांची तोंडं भाजतील, आणि पहिल्या रांगेत गोजरबाई नातवाला घेऊन बसणार आहेत. मी धावत जाऊन पुन्हा बोललो. आवाज नव्हता म्हणून थोडंच बोललो, बहुधा म्हणूनच ऐकलं. मी म्हणालो, रुसलेल्या बहिणीच्या डोक्यावर घागर ओतत नाहीत, तिला हात धरून नदीत उतरवतात. तेव्हा असं ठरलं आहे, की काचेच्या मोठ्या भांड्यात थंड पाणी घ्यायचं, त्यात बहिणीला काचेच्या कांडीवरून थेंब थेंब उतरवायचं, लोकांनी अंगणाच्या पलीकडे बसायचं, तीर्थ कुणालाही नाही, आणि विसर्जन चुन्याच्या खड्ड्यात. हे सगळं सोवळ्याने मीच करायचं आहे. पाणी आपोआप गरम होईल आणि लोक काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतं आहे. येताना आतोबांची लोकरीची धाबळी आण. (गुरुजी, यात धर्म काही नाही. सुती धोतरावर तेजाबाचा थेंब पडला की भोक पडतं, लोकर जास्त वेळ तग धरते.) फकीर मोहम्मदने विचारलं, मंत्र कुठला म्हणणार? मी म्हणालो, "पाण्यात तेजाब, तेजाबात पाणी नाही." आत्ता, हे लिहितो आहे तेव्हा, बाहेर अंगणात सगळा वर्ग तो ताल धरून पाठ करतो आहे, गोजरबाईंच्या कडेवरचा पोरगाही बोबडा बोबडा म्हणतो आहे, आणि आत्या, एकाचाही क्रम चुकत नाही.